तिसरीतल्या मुलाचे इंग्रजी वाचन, घरातली मराठी आणि संध्याकाळचा गृहपाठ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा बडोद्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे, घरात तुम्ही, तुमचे पती आणि सासूबाई मराठीच बोलता, मागच्या पालकसभेत वर्गशिक्षिकांनी ‘मुलगा वाचनात मागे आहे, घरी मराठी बंद करून इंग्रजीत बोला’ असे सांगितले, आणि रोज संध्याकाळी दोन-दोन तास गृहपाठ घेताना आधी तो रडतो आणि मग तुम्ही रडकुंडीला येता. घरात मराठी बोलणे थांबवावे का आणि शिकवणी लावावी का, असे तुम्ही विचारले आहे. मराठी थांबवू नका, आणि शिकवणीही सध्या लावू नका. परंतु एवढ्याने तुमची संध्याकाळ सुटणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मी बडोद्यातच सव्वीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले, बहुतेक काळ दुसरी ते चौथीला, आणि माझ्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी व सिंधी घरांतली मुले एका बाकावर बसत. तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच घरी तपासून पाहाव्या लागतील, आणि त्यात काय आढळते यावर माझा सल्ला थोडा बदलेलही.

‘वाचनात मागे’ हे शब्द मी स्वतः प्रगतिपुस्तकावर कितीदा लिहिले असतील याची गणती नाही, आणि त्यातून पालकांना नेमके काहीही कळत नाही हे मला फार उशिरा उमगले. अक्षरांचे आवाज जुळवून शब्द उच्चारता न येणे ही एक अडचण आहे, शब्द बरोबर उच्चारूनही त्याचा अर्थ न लागणे ही दुसरी आहे, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची मांडणी गुणाकारासारखी केली होती: लिपी उलगडण्याचे कौशल्य गुणिले भाषा समजण्याची क्षमता. यातली एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येते. तुमच्या मुलाची कोणती बाजू अडली आहे, हे त्याला काही शिकवण्याआधी पाहायला हवे.

ते घरी पाहता येते. शनिवारी, गृहपाठाचे दडपण नसताना, त्याच्या इंग्रजी पुस्तकातले एक पान त्याला मोठ्याने वाचू द्या आणि मध्ये दुरुस्ती करू नका. मग तेच पान तुम्ही वाचून दाखवा आणि ‘काय झालं यात?’ असे मराठीत विचारा. स्वतः वाचताना तो अडखळला, पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर गोष्ट त्याने नीट सांगितली, तर त्याला इंग्रजी कळते आहे, अडचण अक्षरे जुळवण्यात आहे. त्याने घडाघडा वाचले, पण काय झाले ते सांगता आले नाही, तर अडचण इंग्रजी शब्दांच्या अर्थाची आहे. शेवटी तेवढ्याच लांबीची दुसरी एखादी गोष्ट मराठीत सांगा आणि तीच परत सांगायला लावा. इथे तो सहसा अडणार नाही, पण अडला तर त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

गणितात हा फरक जास्त स्पष्ट दिसतो. माझ्या वर्गात एका मुलाने शाब्दिक उदाहरण सोडवले होते: रवीकडे १७ गोट्या, मीनाकडे ९, तर रवीकडे ‘हाउ मेनी मोर’? मुलाने उत्तर लिहिले २६. ‘मोर’ शब्द दिसला की बेरीज, असे त्याने मनाशी धरले होते. मी वहीवर फुली मारणार होते, पण त्याऐवजी त्याला जवळ बोलावून हळूच विचारले, ‘रवीकडे कितीने जास्त आहेत रे?’ त्याने नवानंतर बोटे उघडत मोजले आणि सांगितले, ‘आठनी.’ वजाबाकी त्याला येत होती, इंग्रजी वाक्याने ती झाकली होती. तुमच्या मुलाच्या वहीतली चुकलेली शाब्दिक उदाहरणे काढा आणि एकेक मराठीत विचारून पाहा. जी सुटतील ती गणिताची चूक नव्हती, आणि त्यांच्यासाठी त्याच्याकडून पन्नास वजाबाक्या करून घेणे व्यर्थ आहे.

आता मराठी बंद करण्याबद्दल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पालकांना हाच सल्ला देत असे, आणि एका मुलीच्या बाबतीत तो किती चुकीचा होता हे मी पाहिले आहे. तिच्या आईने माझे शब्द प्रमाण मानले. आईचे इंग्रजी बेताचे होते, त्यामुळे घरातले बोलणे हळूहळू ये, जेव, झोप, गृहपाठ कर, एवढ्या चार हुकमांवर आले. आजीला इंग्रजी येत नव्हते, ती गप्प राहू लागली. तीन-चार महिन्यांनी पालकसभेत त्या माउलीने मला जे सांगितले ते मी विसरू शकलेले नाही: ‘टीचर, आता ती शाळेतलं मला काहीच सांगत नाही.’ वर्गातही मुलीची उत्तरे दोन शब्दांवर आली होती. इंग्रजी वाढले नव्हते आणि लांब, एकात एक गुंफलेले वाक्य बोलण्याची तिची सवय मात्र गेली होती. कारण सांगणे, क्रम लावणे, ‘जर असे झाले तर’ असा विचार करणे हे मूल ज्या भाषेत मोठी माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात त्या भाषेत शिकते, आणि एकदा शिकले की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा मुळापासून शिकावे लागत नाही, फक्त त्या भाषेतले शब्द लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या किंवा मातृभाषेतून व्हावे असे म्हटले आहे. तुम्ही इंग्रजी माध्यम निवडले आहे आणि त्यामागे तुमची कारणे असतील. मी तुम्हाला शाळा बदलायला सांगत नाही. पण शाळेत इंग्रजी असेल तर घरातली भरघोस मराठी त्याला अधिकच हवी.

ती मराठी इंग्रजीच्या उपयोगी कशी आणायची, हे एका धड्यावरून सांगते. समजा परिसर अभ्यासात पाण्याची वाफ होण्याचा धडा आहे. पुस्तक उघडण्याआधी त्याला गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल दाखवा आणि विचारा की सकाळी पिळून घातला तेव्हा ओला होता, आता कोरडा आहे, मग पाणी गेले कुठे? त्याला पाच मिनिटे मराठीत डोके चालवू द्या, चुकीचे काही बोलला तरी बोलू द्या. ‘ऊन पितं का?’ असे काहीतरी तो म्हणेल, त्यावर सावलीतले फडकेही वाळते हे दाखवा. त्यानंतर पुस्तक उघडून सांगा की याला ‘इव्हॅपोरेशन’ म्हणतात. समजलेल्या गोष्टीला चिकटवलेला शब्द राहतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी इंग्रजी व्याख्या पाठ आणि मग अर्थ, असे केले तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गेलेले असतात. एका दिवसाला असे तीन-चार शब्द पुरेत.

अक्षरे जुळवण्याची अडचण निघाली तर आपल्या घरांत एक ठरावीक घोटाळा असतो. ‘सी, ए, टी, कॅट’ असे स्पेलिंग आपण मुलांकडून घोकून घेतो, पण सी, ए आणि टी ही अक्षरांची नावे आहेत आणि ती कितीही जोरात म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ असा आवाज निघत नाही. मराठीत अक्षराचे नाव आणि आवाज एकच असतो, म्हणून आपल्याला ही अडचण दिसतच नाही. मुलाला नावे बाजूला ठेवून आवाज जोडायला शिकवा: क्, ॲ, ट्. दहा मिनिटे, रोज पाच-सहा शब्द, आणि एकाच कुटुंबातले, म्हणजे कॅट, बॅट, हॅट, मॅट. तो तिसरीत आहे म्हणून हे बाळबोध वाटेल, पण पाया कच्चा राहिला असेल तर तिथूनच जावे लागते, आणि आठ वर्षांचे मूल ते बऱ्यापैकी झटपट भरून काढते.

बडोद्याच्या मराठी मुलांपुढे आणखी दोन खाचखळगे आहेत, जे शाळेला बहुधा दिसत नाहीत. पहिला आकड्यांचा. मराठीत आणि गुजरातीतही ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, इंग्रजीत ‘फॉर्टी सेव्हन’मध्ये चाळीस आधी. आजी ‘सत्तेचाळीस लिही’ म्हणाल्या आणि त्याने ७४ लिहिले तर तो निष्काळजीपणा समजू नका. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आणले तेव्हा मोठा वाद झाला होता. त्यात कोणाची बाजू घ्यायची हा भाग निराळा, पण मुलांना अडते ते याच जागी. आगकाड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा, चार जुड्या आणि सात सुट्या काड्या समोर ठेवा, आणि त्याच ढिगाला दोन्ही भाषांतली नावे म्हणायला लावा. आठवडाभरात उलटसुलट लिहिणे बरेच कमी होते.

दुसरा खळगा लिपीचा. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकवणे बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या मुलाला इंग्रजीबरोबर गुजराती आणि हिंदीमुळे देवनागरी अशा तीन लिप्या सांभाळायच्या आहेत. इथे तुम्ही शिक्षिकांपेक्षाही चांगली मदत करू शकता, कारण गुजरातीची वर्णमाला आणि बाराखडी आपल्याच क्रमाने चालते. ग, त, न, म, प, व, स ही अक्षरे शिरोरेघ काढून टाकली की जवळजवळ आपलीच आहेत. क, ख, च, ज, झ, ब, ल यांसारखी थोडी मात्र वेगळी शिकावी लागतात. ती वेगळी अक्षरे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावा, बाकीची तो आपोआप ओळखेल. गुजराती ‘र’ आणि गुजराती दोनाचा आकडा दिसायला सारखे असतात, ‘प’ आणि पाचाचा आकडाही तसेच; तिथे तो गोंधळला तर रागावू नका, अर्थावरून ओळखायला शिकवा.

आता तुमच्या संध्याकाळकडे येते, कारण मला तुमच्या पत्रात सर्वांत काळजीचे वाटले ते हेच. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असे म्हटले आहे. तुमच्या घरी आठवड्याचा वाटा एका संध्याकाळी संपतो आहे. हे धोरण म्हणजे कोणाला धमकावण्याचा कायदा नव्हे, पण आठ वर्षांच्या मुलाला किती झेपते याचा अंदाज म्हणून ते विचारपूर्वक केलेले आहे आणि माझ्या वर्गातल्या अनुभवाशी जुळते. पंचवीस-तीस मिनिटांनंतर त्या वयाचे मूल लिहीत असते, शिकत नसते.

म्हणून असे करा. शाळेतून आल्यावर खाणे आणि तासभर खेळ झाल्याशिवाय दप्तर उघडायचे नाही. मग घड्याळ लावून पंचवीस मिनिटे, एकाच ठरलेल्या जागी; तुम्ही जवळ बसा, पण पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. वेळ संपली की वही बंद. जे राहिले ते राहू द्या आणि डायरीत दोन ओळी लिहा: ‘पंचवीस मिनिटे लक्षपूर्वक काम केले. पहिली चार उदाहरणे स्वतः केली, पाचव्यात इंग्रजी वाक्य कळले नाही, मराठीत विचारल्यावर सुटले.’ तुम्हाला हे अवघड जाईल, अपुरा गृहपाठ पाठवणे आपल्याकडे लाजिरवाणे समजतात. पण शिक्षिकेच्या जागी बसून सांगते, घरी आईने पुरी करून पाठवलेली सुबक वही मला काहीच सांगत नसे, आणि अशा दोन ओळींची एखादी चिठ्ठी आली की दुसऱ्या दिवशी त्या मुलाला काय विचारायचे ते मला ठाऊक असे.

शिकवणीला माझा विरोधही याच कारणाने आहे. पंधरा-वीस मुलांना बसवून गृहपाठ उरकून देणारी शिकवणी वही पूर्ण करते आणि मुलाची अडचण शिक्षिकेपासून लपवते. एकट्या मुलाला आठवड्यातून दोनदा शांतपणे वाचन करवून घेणारे कोणी ओळखीचे मिळाले तर ती गोष्ट वेगळी, तिला मी नाही म्हणणार नाही. वर्गशिक्षिकांनीच शिकवणीचे सुचवले आणि ती त्यांच्याच घरी असेल, तर मात्र नम्रपणे नकार द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी करता येत नाही.

तुमच्या सासूबाईंचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण माझ्या मते तुमच्या घरातली सर्वांत मोठी शिक्षणाची सोय त्याच आहेत. गृहपाठात त्यांना ओढू नका. त्यांना रोज रात्री एक गोष्ट सांगू द्या, ‘आटपाट नगर होतं’ पासून, आणि मुलाला मध्येच प्रश्न विचारू द्या. पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) त्यांना येत असतील तर त्या म्हणून घ्या, पण नुसत्या म्हणून नव्हे: दीड वाटी रव्याचा शिरा चौघांना पुरतो तर आठ जणांना किती रवा, हे त्यानेच वाटीने मोजावे. बालशिक्षणाचे मोठे काम केलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या आणि तिथे त्यांनी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलाच्या रोजच्या कामातून शिक्षण उभे करण्याची ती पद्धत तुमच्या स्वयंपाकघरात तशीच चालते.

सुट्टीच्या दिवशी घराबाहेरही पडा. कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे; त्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मुलाला पावले मोजत चालायला लावा, घरी आल्यावर तेवढी जागा आपल्या गल्लीत कुठवर येते ते पाहा, आणि मग त्याने त्यावर तीन ओळी लिहाव्यात, भाषा त्याच्या मर्जीची. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांच्या काळापासून, १९१० पासून आहे. तिथे त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, मग ते त्याच्या वयापेक्षा सोपे निघाले तरी हरकत नाही.

वर्गशिक्षिकांशी बोलण्याबद्दल थोडे. त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नसले तरी त्यांचा हेतू वाईट आहे असे समजू नका. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाला दिवसाला दोन मिनिटेही स्वतंत्र मिळत नाहीत. पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका, दहा मिनिटांची वेगळी वेळ मागा. जाताना तुमच्या शनिवारच्या तपासणीचे निष्कर्ष घेऊन जा आणि तीन प्रश्न विचारा: तो वर्गात कधी स्वतःहून बोलतो, वाचताना नेमका कुठे थांबतो, आणि पुढच्या महिन्यात त्याने कोणती एक गोष्ट करून दाखवली तर तुम्हाला प्रगती वाटेल. ‘आम्ही मराठी बंद करणार नाही’ असे जाहीर करण्याची गरज नाही. ‘इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटे आवाज जोडण्याचा सराव आणि दहा मिनिटे वाचून दाखवणे सुरू केले आहे’ असे सांगा. बहुतेक शिक्षिकांना एवढे ऐकून बरेच वाटते.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाचे मूल किती वाचते याची चर्चा चालते, तिथून तुम्ही थोड्या दूर राहिलेल्या बऱ्या. त्याऐवजी त्याच वर्गातली, जवळ राहणारी दोन-तीन घरे शोधा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आळीपाळीने एकेका घरी मुलांना एकत्र बसवा. एक गुजराती घर त्यात असेल तर उत्तमच, तुमचा मुलगा त्यांच्याकडून गुजराती घेईल आणि त्यांचे मूल तुमच्याकडून आपोआप हिंदीची देवनागरी. माझ्या वर्गातल्या तीन आयांनी असे वर्षभर केले होते. मुलांनी एकमेकांना वाचून दाखवले की चुकण्याची भीती कमी होते, आणि मोठ्यांनाही आपल्या एकट्याच्याच घरी रडारड होत नाही हे कळते. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गृहपाठाच्या प्रमाणाचा प्रश्न तुम्हा तीन-चार घरांना मिळून तिथे मांडता येईल. खासगी विनाअनुदानित शाळेला ती समिती बंधनकारक नाही, तिथे मुख्याध्यापकांना सर्वांच्या सह्यांचे एक सौम्य पत्र देणे चांगले.

माझा सल्ला कधी बदलेल, तेही सांगते. मराठीत सांगितलेली साधी गोष्टही त्याला परत सांगता आली नाही, तर आधी कान तपासून घ्या. डोळे तर कोणत्याही परिस्थितीत तपासाच. फळा न दिसणारी मुले मी वर्षानुवर्षे ‘दुर्लक्ष करणारी’ म्हणून खपलेली पाहिली आहेत. कान-डोळे ठीक आहेत, तोंडी बोलणे उत्तम आहे, चार-पाच महिने आवाज जोडण्याचा नियमित सराव झाला आहे, आणि तरीही इंग्रजी, गुजराती, देवनागरी अशा सर्व लिप्यांत तो सारखाच अडतो आहे, असे दिसले तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या आणि ती तपासणी मराठी जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून होईल असे पाहा, नाहीतर अपुऱ्या इंग्रजीलाच दोष समजले जाईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे निदान झाले तर परीक्षेत सवलती मागता येतात. एकाच लिपीत अडचण असेल तर मात्र घाई करू नका.

या शनिवारी पान वाचून घेण्याची आणि गोट्यांच्या उदाहरणाची तपासणी करा, सोमवारपासून पंचवीस मिनिटांचे घड्याळ लावा. तो अक्षरांत अडला की अर्थात, एवढे मला कळवलेत तर पुढच्या दोन महिन्यांत कोणत्या क्रमाने काय घ्यायचे ते मी लिहून पाठवीन.